सॉसलिटोची वस्ती

रंगवलेल्या जुन्या स्कूल-बसगाड्यांचा एक तांडा १९७१ साली टेनेसी राज्यात समरटाऊन नावाच्या गावाजवळ येऊन थांबला. गाड्यांतली दोन-तीनशे पोरं-पोरी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली होती आणि स्टीफन गॅस्किन हा त्यांचा गुरू होता. त्यांनी हजारभर एकर जमीन घेतली, तिला ‘द फार्म’ असं साधं नाव दिलं आणि एकत्र राहायला सुरुवात केली. एकत्र म्हणजे अगदी एकत्र. सगळ्यांची कमाई एकाच तिजोरीत, मांस-अंडी-दूध वर्ज्य, सोयाबीनवर गुजराण आणि बाळंतपणं आपल्याच सुइणींच्या हातची. एकेका घरात कितीतरी कुटुंबं दाटीवाटीने राहायची. कुणाचं कुणाशी बिनसलं तर ते मनात ठेवायची मुभा नव्हती. सगळ्यांसमोर बसून, रात्र सरली तरी चालेल, पण बोलून मोकळं व्हायचं. दहा वर्षांत वस्ती हजाराच्या वर गेली आणि कर्जही वाढत गेलं. १९८३ साली सामायिक तिजोरी बंद झाली. ज्याने त्याने आपला वाटा भरावा, नाहीतर निघावं, असं ठरलं. शेकडो माणसं निघाली.

त्या काळात फार्मवरून बाहेर पडलेल्यांत मॅथ्यू मॅक्लुअर, क्लिफ फिगॅलो आणि जॉन कोट हे तिघे होते. थोड्याच वर्षांत हे तिघेही, एकामागून एक, कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटो या किनाऱ्यावरच्या गावी एका संगणकाचा कारभार पाहायला लागले. त्या संगणकात जी वस्ती उभी राहिली तिच्यामुळे ‘व्हर्च्युअल कम्युनिटी’ हा शब्दप्रयोग जगभर गेला. ऑनलाइन समाजाचा इतिहास सांगणारे बहुधा चिप्स, वायरी आणि लष्करी संशोधन यांच्यापासून सुरुवात करतात. मला तो सोयाबीनच्या शेतापासून सुरू करावासा वाटतो, कारण त्या वस्तीत जे टिकलं ते या तिघांनी शेतावर शिकलेल्या गोष्टींमुळे टिकलं.

ही वस्ती दोघांच्या भागीदारीतून उभी राहिली. त्यांतला पहिला, स्टुअर्ट ब्रँड, स्वतः कम्यूनमध्ये रमणारा माणूस नव्हता, पण कम्यून थाटायला निघालेल्या पिढीला लागेल ते सगळं कुठे मिळतं हे सांगायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. त्याचा ‘होल अर्थ कॅटलॉग’ १९६८ साली निघाला. शेळ्या कशा पाळायच्या, घुमटाकार घर कसं उभारायचं, चूल कोणती घ्यायची, कोणतं पुस्तक वाचायचं आणि ते कितीला पडतं, असा सगळा मजकूर त्यात असायचा. वस्तूंवरचे अभिप्राय वाचकच लिहून पाठवायचे आणि ब्रँड ते छापायचा. एकमेकांना कधी न भेटलेली हजारो माणसं त्या जाडजूड अंकाच्या पानांवर एकमेकांना सल्ला देत होती. १९७२ साली या कॅटलॉगला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, तेव्हा मालाच्या यादीला कसला साहित्याचा पुरस्कार, असं म्हणणारेही होते.

दुसरा भागीदार लॅरी ब्रिलियंट. हा डॉक्टर. सत्तरच्या सुमारास तोही बसनेच, युरोपातून जमिनीवरच्या वाटेने, भारतात आला आणि नैनितालजवळच्या कैंचीला नीम करोली बाबांच्या आश्रमात राहिला. बाबांनी त्याला देवीच्या निर्मूलनाच्या कामाला जायला सांगितलं, असं तो पुढे नेहमी सांगत आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या मोहिमेत त्याने खरोखरच वर्षानुवर्षं काम केलं. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आसामात सापडला. लसीइतकीच ती मोहीम माहितीच्या जोरावर चालली होती. दारोदार फिरणारे हजारो कार्यकर्ते, त्यांचे अहवाल आणि कुठल्या गावात पुरळ दिसला याची लगोलग पोचणारी खबर, यांवर सगळं अवलंबून होतं. पुढे ब्रिलियंटने अंधत्वनिवारणासाठी ‘सेवा’ ही संस्था काढण्यात पुढाकार घेतला. नेपाळमध्ये तिच्या कामावरचं हेलिकॉप्टर बंद पडलं तेव्हा निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी संगणकावर चर्चा करून दुरुस्तीची सोय लावली. त्या अनुभवानंतर ब्रिलियंट या माध्यमावर बेहद्द खूश झाला आणि त्याने मिशिगनमध्ये संगणकावरच्या चर्चांसाठी कंपनीच काढली.

१९८४ साली तो ब्रँडकडे प्रस्ताव घेऊन आला. संगणक माझा, सॉफ्टवेअर माझं, सुरुवातीला लागणारं कर्जही माझं. तू तुझी माणसं आण. मालकी अर्धी-अर्धी. ब्रिलियंटच्या डोक्यात असं होतं की कॅटलॉगमधली एकेक वस्तू संगणकावर मांडायची आणि लोकांना तिच्यावर बोलू द्यायचं. ब्रँडला ते पटलं नाही. वस्तू राहू द्यात, माणसं आत सोडू आणि ती काय करतात ते पाहू, असं त्याचं म्हणणं होतं. १ एप्रिल १९८५ रोजी ‘होल अर्थ लेक्ट्रॉनिक लिंक’, म्हणजे ‘द वेल’, लोकांसाठी उघडला.

उघडला म्हणजे काय झालं, ते आज मुद्दाम सांगायला हवं. सॉसलिटोच्या धक्क्यालगत गेट फाइव्ह रोडवर कॅटलॉगवाल्यांचं कार्यालय होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे जहाजं बांधली जात. युद्ध संपल्यावर मोडक्या बोटींत चित्रकार, सुतार आणि कवी राहायला आले होते. ब्रँड स्वतः एका जुन्या टगबोटीत राहायचा. या कार्यालयात एक व्हॅक्स संगणक आणि त्याला जोडलेले मोडेम बसवले होते. सदस्याने घरच्या संगणकावरून फोन लावायचा, मोडेमची चिरचिर ऐकायची, नाव आणि पासवर्ड द्यायचा आणि मग काळ्या पडद्यावर अक्षरं एकेक ओळ करत उमटायची. चित्र नाही, रंग नाही, माऊस नाही. आज्ञा पाठ कराव्या लागत. संध्याकाळी गर्दी झाली की बिचारा व्हॅक्स असा रखडायचा की टाइप केलेलं अक्षर पडद्यावर यायला वेळ लागे. दर होता महिन्याला ८ डॉलर आणि वर तासाला २ डॉलर. मोठ्या कंपन्यांच्या सेवा तेव्हा याच्या कितीतरी पट घेत, म्हणून हे स्वस्तच म्हणायचं.

पण खरी मेख फोनच्या बिलात होती. अमेरिकेत स्थानिक फोनला जवळजवळ काही पडत नसे आणि लांबच्या फोनला मिनिटाला पैसे मोजावे लागत. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती राहणारा माणूस वेलवर तासन्‌तास रेंगाळू शकत होता आणि न्यूयॉर्कवाला घड्याळाकडे बघत असायचा. भौगोलिक अंतर मिटवणारं माध्यम म्हणून ज्याचा पुढे डंका पिटला गेला, ते असं सुरुवातीला एका परगण्यापुरतं होतं. इथली माणसं एकमेकांपासून फार तर तासाभराच्या अंतरावर राहायची.

आत चर्चेचे विभाग होते, त्यांना कॉन्फरन्स म्हणत. प्रत्येक विभागात विषय आणि विषयाखाली उत्तरांची एकाखाली एक रांग. पसंतीचे अंगठे नाहीत, वर-खाली करणं नाही. ब्रँडने दोनच गोष्टींचा हट्ट धरला. पहिली, कुणी बेनाम असणार नाही. टोपणनाव रोज बदला, हवी ती गंमत करा, पण लॉग-इनमागचं खरं नाव कुणालाही पाहता आलं पाहिजे. दुसरी, आपल्या शब्दांचा मालक आपणच. ब्रँडच्या मनात वकिली हिशेब होता, कुणी काही अब्रुनुकसानीचं लिहिलं तर कंपनी जबाबदार नाही, एवढाच. लोकांनी मात्र त्या एका वाक्याचे अर्थ लावण्यात वर्षं घालवली. मालक मीच, तर माझा मजकूर तू दुसरीकडे का उतरवलास? मालक मीच, तर मी तो परत घेऊ शकतो का? यातला दुसरा प्रश्न पुढे फार महागात पडला. मध्यंतरी बेनाम चर्चेचा एक विभाग काढूनही पाहिला. दुसऱ्याच्या नावाने लिहिण्यापर्यंत आणि ओरबाडण्यापर्यंत मजल गेली, आणि तो थोड्याच दिवसांत बंद करावा लागला.

मॅक्लुअर पहिला व्यवस्थापक. १९८६ साली त्याच्या जागी फिगॅलो आला, आणि त्याच वर्षी कोटही. कोट फार्मवर मोटारी दुरुस्त करायचा, संगणकाशी त्याचा संबंध नव्हता. वेलवर तो ‘टेक्स’ म्हणून ओळखला जाई. नवीन माणूस आला की टेक्स त्याच्याशी बोलायचा. तुला बागकामाची आवड दिसते, तिकडे अमुक एक जण आहे, त्याला भेट. भांडण पेटलं की दोघांनाही खासगीत लिहायचा, फोन करायचा, आणि तरी विझलं नाही तर जळू द्यायचा. पुढे त्याने या कामावर एक निबंध लिहिला आणि स्वतःला सराईवाल्याची उपमा दिली. येणाऱ्याला ओळखावं, बसवावं, कुणाशी गाठ घालून द्यावी आणि दंगा झाला तर आवरावं, हे सराईवाल्याचं काम. फिगॅलो जास्त शांत. सत्ता वापरायचीच नाही, हे त्याने ठरवून टाकलेलं. फार्मवर गुरूच्या शब्दापुढे शब्द नव्हता आणि त्याचा शेवट त्याने पाहिला होता. लोकांनी बाजूला काढलेल्या माणसालाही हाकलायला तो सहसा तयार होत नसे.

याच काळात महिन्यातून एका शुक्रवारी कार्यालयात मेजवानी ठेवायची पद्धत पडली. प्रत्येकाने काहीतरी खायला आणायचं. पडद्यावर ज्याच्याशी महिनाभर कडाक्याचं भांडलो तो प्रत्यक्षात लाजरा, बुटका आणि बायकोच्या मागे उभा राहणारा निघायचा. त्यानंतर भांडण थांबायचं असं नाही, पण त्याची जात बदलायची. वेलवरच्या ओळखी टिकल्या त्यात या शुक्रवारांचा वाटा कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठा होता, असं माझं मत आहे. गप्पांना आलेल्यांची मुलं टेबलांखाली खेळत असत. पडद्यामागे खरा माणूस आहे, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

पैशाची बाजू सावरली ती मात्र भलत्याच लोकांनी. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाचे चाहते, डेडहेड्स, गावोगावच्या जलशांना मागे मागे जायचे. या वाद्यवृंदाने श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करायची परवानगी दिली होती. ध्वनिफितींची विक्री निषिद्ध मानली जाई, अदलाबदल मात्र सर्रास चाले. म्हणजे संगणक यायच्या आधीच हा एक विखुरलेला, नियम असलेला, एकमेकांवर विसंबलेला समाज होता. त्याला दोन जलशांच्या मधल्या काळात बसायला जागा हवी होती. १९८६ साली रेडिओवाला डेव्हिड गॅन्स आणि त्याच्या दोघा साथीदारांनी वेलवर ग्रेटफुल डेडची कॉन्फरन्स उघडली, आणि कित्येकांनी केवळ तेवढ्यासाठी मोडेम विकत घेतले. कोणत्या रात्री कोणतं गाणं कितव्या क्रमांकावर झालं, यावर ते तासाला २ डॉलर देऊन रात्र रात्र लिहायचे. वेलच्या उत्पन्नाचा सर्वात मोठा झरा तोच होता. बाकीच्या विभागांत काय चाललंय याची त्यातल्या पुष्कळांना गंधवार्ताही नव्हती. समाज, सभ्यता, लोकशाही अशा विषयांवर गंभीर चर्चा करणाऱ्यांचा खर्च असा गिटारवेड्यांनी उचलला.

वेल प्रसिद्ध झाला तो पत्रकारांमुळे. त्यांना खातं फुकट मिळे. फ्रान्समध्ये त्याच काळात टेलिफोन खात्याने घरोघरी फुकट वाटलेल्या मिनिटेल यंत्रांवर लाखो लोक गप्पा मारत होते, विद्यापीठांतून युजनेट हे चर्चांचं जाळं जोरात होतं, आणि या सगळ्यांपुढे वेल म्हणजे लहानसा पाडा. १९९३ सालीसुद्धा सदस्य आठ हजारांच्या आसपास. पण इतिहासात जागा मिळायची तर गावात लिहिणारे असावे लागतात, आणि या गावात लिहिणाऱ्यांचीच भरती होती.

त्यातला सर्वात महत्त्वाचा हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड. भडक रंगाची जाकिटं घालणारा, बूट स्वतः रंगवणारा हा लेखक १९८५ मध्ये वेलवर आला आणि तिथेच रमला. घरी एकट्याने लिहिणाऱ्या माणसाला दिवसभर बोलायला कुणी नसतं. वेलने त्याला कामाच्या मेजावरच शेजार मिळवून दिला. १९९३ सालच्या ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ या पुस्तकात त्याने एक प्रसंग सांगितला आहे. लहानग्या मुलीच्या डोक्यात गोचीड रुतलेला दिसला. बायकोने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून निरोप ठेवला, याने वेलवरच्या पालकांच्या विभागात प्रश्न टाकला. दवाखान्यातून उलट फोन येण्याआधी वेलवरच्या एका डॉक्टरने उत्तर लिहिलं होतं आणि गोचीड निघाला होता. गोष्ट एवढीशी. पण मध्यरात्री आजारी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बापाला ती एवढीशी वाटत नाही.

त्याच विभागात एका सदस्याने एके दिवशी लिहिलं की मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आहे. परिचारिका, डॉक्टर, त्याच आजारातून गेलेले लोक, सगळे तिथे जमले. पांढऱ्या पेशींच्या आकड्यांचा अर्थ कुणी सांगितला, तर कुणी नुसतंच लिहिलं की मी जागा आहे. पुष्कळांनी त्या बापाला कधी पाहिलेलं नव्हतं. आणखी एक घटना आपल्याकडची. वेलवरची एक जुनी सदस्य सगळं सोडून हिमालयाकडे गेली आणि बौद्ध भिक्षुणी झाली. नव्वदीच्या सुरुवातीला बातमी आली की ती दिल्लीत यकृताच्या आजाराने बेशुद्ध होऊन रुग्णालयात आहे. काही तासांत वेलवर दिल्लीतले डॉक्टर शोधले गेले, पैसे जमले, आणि तिला अमेरिकेत परत नेण्याची सोय झाली. ती वाचली. अशा वेळी टीका करणं अवघड असतं, तरी एक नोंद करून ठेवतो. ही माणसं बहुतेक गोरी, शिकलेली, घरात संगणक असलेली होती. दिल्लीत कुणाला फोन करायचा हे शोधून काढण्याची ऐपत त्यांच्याकडे आधीच होती. वेलने ती ऐपत एका जागी आणली.

आणि तिथे सगळ्यांना सारखीच जागा नव्हती. स्त्री म्हणून जन्मलेल्या एका सदस्याने पुरुषाचं नाव घेतलं होतं आणि आपला उल्लेख पुल्लिंगीच व्हावा असा त्याचा आग्रह होता. आज हा आग्रह कुणाला वेगळा वाटणार नाही. तेव्हा काही जण मुद्दाम स्त्रीलिंगी उल्लेख करून डिवचायचे, तो आगपाखड करायचा, आणि हे महिनोन्‌महिने चाललं. त्याचं लिहिणंही फार बोचरं असायचं, हे खरं. शेवटी वेलवरून काढला गेलेला पहिला माणूस तो ठरला. हाकलायचं नाही म्हणणाऱ्या गावाने पहिला हद्दपार निवडला तो असा. वेलचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हे प्रकरण क्वचितच येतं.

स्त्रियांनी आपल्यापुरता एक बंद विभाग काढला होता. १९९३ मध्ये तिथे एकीने सहज लिहिलं की वेलवरच्या एका पुरुषाने प्रेमात गुंतवून मला फसवलं. दुसरी म्हणाली, मलाही. तिसरीही निघाली. पत्रं ताडून पाहिली तर एकाच वेळी तो अनेकींना तेच सांगत होता. त्यांनी ते सगळ्यांसमोर मांडलं. गावभर खटला चालला. असं कुणाला चव्हाट्यावर आणावं का, खासगी पत्र उघड करावं का, हे लफडं आहे की गुन्हा? वृत्तपत्रांपर्यंत बातमी गेली आणि तो गृहस्थ वेल सोडून गेला. त्याचं खरं नाव सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. नाव माहीत असलं की माणूस कळतो, या समजुतीला तिथे तडा गेला. पण त्या बायका एकमेकींशी बोलू शकल्या म्हणूनच तो सापडला, हेही तितकंच खरं.

मघाशी म्हटलेला शब्द परत घेण्याचा प्रश्न ब्लेअर न्यूमनमुळे उभा राहिला. न्यूमन एके काळी गांजा कायदेशीर करण्याच्या चळवळीत गाजलेला, अफाट बुद्धीचा आणि अफाट त्रासदायक माणूस. वेलवर तो सतत असायचा, सगळ्यांशी वाद घालायचा. आपली नोंद खोडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, पण एकेक करून. कुणीतरी सगळ्या नोंदी एकदम खोडणारा प्रोग्राम लिहिला. १९९० साली न्यूमनने तो वापरला आणि वर्षानुवर्षांचं आपलं सगळं लिखाण पुसून टाकलं. चर्चांमध्ये भगदाडं पडली. लोकांची उत्तरं उरली, प्रश्न गेले. सदस्य चिडले. तुझे शब्द तुझे असतील, पण त्यांच्याभोवती आम्ही जे बोललो ते आमचंही होतं, असं त्यांचं म्हणणं. थोड्याच आठवड्यांत न्यूमनने आत्महत्या केली. तो पुसून टाकण्याचा अर्थ मग सगळ्यांना नव्याने लागला. त्याच्याशी भांडलेले पुष्कळ जण अंत्यविधीला गेले.

याच वर्षी वेलवरून एक टिकाऊ गोष्ट निघाली, ती थोडक्यात सांगतो. ग्रेटफुल डेडची गाणी लिहिणारा आणि वायोमिंगमध्ये गुरं पाळणारा जॉन पेरी बार्लो, आणि लोटस कंपनीचा संस्थापक मिच केपोर हे दोघे वेलचे सदस्य. चोरीला गेलेल्या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारपूस करायला एफबीआयचा माणूस बार्लोकडे गेला आणि त्या माणसाला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. बार्लोने तो किस्सा वेलवर लिहिला. केपोरकडेही तसाच माणूस येऊन गेला होता. केपोर आपलं विमान वळवून वायोमिंगला उतरला, आणि जुलै १९९० मध्ये या दोघांनी जॉन गिलमोरसह ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ स्थापन केलं. ही संस्था आजही संगणकावरच्या नागरी हक्कांसाठी न्यायालयात लढते.

मला मात्र वेलची सर्वात मोठी घटना वाटते ती टॉम मँडेलची. मेन्लो पार्कच्या एसआरआय या संशोधन संस्थेत भविष्याचा अभ्यास करणं हा त्याचा व्यवसाय. १९८५ पासून वेलवर आणि जवळजवळ प्रत्येक चर्चेत. हजरजबाबी, जाणकार, आणि मनात आलं तर अत्यंत क्रूर. वेलवरच भेटलेल्या एका स्त्रीवर त्याचं प्रेम बसलं. ते मोडलं तेव्हा त्याने तिला वेलवरच, सगळ्यांदेखत, इतकं टोचलं की लोक हादरले. न्यूमनशीही त्याने पुष्कळदा वाद घातले होते. असा माणूस कुणालाही आवडू नये. पण तो रोज असायचा, आणि रोज असणाऱ्याची सवय होते.

१९९४ च्या शरदात आरोग्याच्या विभागात त्याने लिहिलं की फ्लूसारखं काहीतरी झालंय, खोकला जात नाही. काही दिवसांनी लिहिलं, फुप्फुसाचा कर्करोग आहे. त्यानंतरचे पाच महिने तो आपल्या मरणाबद्दल तिथेच लिहीत राहिला. तपासण्या, किरणोपचार, भीती, विनोद. ज्यांना त्याने बोचकारलं होतं तेही रोज येऊन वाचत आणि लिहीत. ती स्त्री परत आली आणि शेवटपर्यंत तिने त्याची शुश्रूषा केली. शेवटी शेवटी त्याने निरोप लिहिला. मरण्याची भीती फारशी नाही, पण तुमच्याशी आणखी भांडायला, खेळायला मिळणार नाही याचं अतोनात दुःख आहे, असा त्याचा आशय होता. ५ एप्रिल १९९५ रोजी तो गेला. वेलवर शेकडो नोंदी झाल्या. पत्रकार केटी हाफ्नर हिने पुढे वेलचा इतिहास लिहिला तेव्हा मँडेललाच मध्यभागी ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. गावात एक भांडखोर माणूस मेल्यावर सगळं गाव का रडतं, हे बाहेरच्याला सांगता येत नाही.

तोवर गाव मोडायला लागलेलं होतं. कोट १९९१ मध्ये गेला, फिगॅलो त्याच्या पुढच्या वर्षी. १९९४ मध्ये रॉकपोर्ट बुटांच्या कंपनीचा संस्थापक ब्रूस कॅट्झ याने वेल पूर्ण विकत घेतला. त्याचा हिशेब उघड होता. इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं होत होतं, लोक लाखांनी येणार होते, आणि समाज कसा जमवायचा याचं गुपित वेलकडे आहे असं मासिकं छापत होती. मग वेल गावोगावी का काढू नये? सदस्यांना आपण विकले गेल्यासारखं वाटलं. काहींनी बाहेर पडून ‘द रिव्हर’ नावाची सहकारी मालकीची दुसरी वस्ती काढली. कॅट्झच्या योजना फसल्या. पण तो माणूस खलनायक होता असं मला वाटत नाही. मासिकांनी छापलेलं त्याने खरं मानलं. ते गुपित विकत घेण्याजोगं नव्हतं, कारण त्यातला निम्मा भाग स्थानिक फोनचे दर होते, आणि उरलेल्यात फार्मवर दहा-बारा वर्षं एकमेकांच्या अंगावर राहून कावलेली आणि शहाणी झालेली तीन माणसं होती. न्यूयॉर्कवाल्याला आता घड्याळाकडे पाहावं लागत नव्हतं, पण तो शुक्रवारच्या मेजवानीलाही येणार नव्हता.

१९९९ मध्ये ‘सलोन’ या ऑनलाइन मासिकाने वेल घेतला आणि तेरा वर्षं सांभाळला. २०१२ साली सलोनने तो विकायला काढला, तेव्हा सदस्यांनी आपसात चर्चा करून पैशांची जमवाजमव केली आणि जुन्या सदस्यांच्या एका गटाने तो ४ लाख डॉलरला विकत घेतला. तेव्हा सदस्य उरले होते सत्तावीसशेच्या घरात. फेसबुकवर त्याच वर्षी शंभर कोटी लोक झाले. लॉग-इनमागे खरं नाव देण्याचा नियम नव्या मालकांनी बदलला नाही.